लक्ष्मणराव किर्लोस्कर

आमच्या द्रोणागिरीत माझ्या मामाचे लोखंडी गेट बनवायचे छोटे दुकान आहे. तिथे मी लाकडाची गाडी केली. चाक तिरके झाले म्हणून रागाने फेकून दिली. तेव्हा मामाने मला लक्ष्मणरावांची गोष्ट सांगितली.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूर येथे झाला. ते चित्रकला शिकायला मुंबईला गेले. पण त्यांना रंग नीट ओळखू येईनात! मग ते यंत्रांची चित्रे काढायला शिकले आणि तिथेच मास्तर झाले. पुढे बेळगावला सायकलचे दुकान घातले. लहानशा कारखान्यात कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर केले.

आधी लाकडाचा नमुना करतात. तो वाळूत दाबून साचा करतात. साच्यात वितळलेले लोखंड ओततात. याला ओतकाम म्हणतात, असं मामा म्हणाला.

पण नांगर खपेचनात. लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकऱ्यांना वाटे. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. हळूहळू शेतकरी नांगर घेऊ लागले.

नंतर बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळ माळरान दिले. तिथे नुसते निवडुंग आणि साप! १९१० साली तिथे कारखाना आणि किर्लोस्करवाडी गाव वसले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले.

गोष्ट ऐकून मी गाडी शोधून आणली. नवे चाक कापले. गाडी अजून थोडी डुगडुगते, पण चालते.

– इयत्ता चौथी