विश्लेषण : स्तनातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, डॉ. आनंदीबाई जोशींचे आयुष्य आज काय सांगते?

परदेशात जाऊन डॉक्टर झालेली मराठी मुलगी म्हणून आनंदीबाई जोशी सर्वांना माहीत आहेत. त्यांना डॉक्टर व्हावेसे का वाटले, हे मात्र कमी सांगितले जाते. बाईने आजार अंगावर काढायचा आणि पुरुष डॉक्टरला दाखवायचा नाही, ही त्या काळची रीत होती. शहापूर-मुरबाडच्या गावपाड्यांत स्तनाच्या तक्रारींबाबत हा संकोच आजही दिसतो. म्हणूनच कल्याणात वाढलेल्या या डॉक्टरची कहाणी आणि स्तनांच्या कर्करोगाव्यतिरिक्तच्या आजारांची माहिती एकत्र समजून घेऊ.

कल्याणची यमुना

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. बालपण कल्याणात गेले. मुंबईची रेल्वे कल्याणला १८५४ मध्येच पोहोचली होती, पण घराघरातली बाळंतपणे सुईणीच्या भरवशावरच होत होती. नवव्या वर्षी यमुनेचे लग्न टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी झाले. ते बिजवर होते आणि वयाने बरेच मोठे. बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता आणि त्या हट्टाला धाकाचीही जोड होती.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. योग्य उपचार वेळेवर मिळाले नाहीत, हे दुःख त्यांच्या मनात राहिले आणि त्यातूनच वैद्यक शिकण्याचा विचार पक्का झाला.

बाळंतपणानंतर स्तनात गाठ का होते?

प्रसूतीनंतर साधारण तिसऱ्या दिवशी दूध भरून येते. बाळ नीट ओढत नसेल किंवा पाजण्यात खंड पडला, तर दूध साचून स्तन कडक होतात आणि दुखतात. पुढे जंतुसंसर्ग झाला की स्तन लाल व गरम होतो, थंडी वाजून ताप येतो. हा स्तनदाह. अशा वेळी बाळाला पाजणे थांबवू नये. दुखऱ्या बाजूनेही पाजावे. ताप असेल तर चोवीस तासांत डॉक्टरांना दाखवावे. पू झालाच, तर तो सुईने किंवा छोटी चीर देऊन काढावा लागतो.

ज्या आईचे बाळ दगावते तिलाही दूध येते, हे घरातले अनेकदा विसरतात. तिने घट्ट आधार देणारे कपडे घालावेत, थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, आराम पडेल इतपतच दूध काढावे. सगळे पिळून काढत राहिल्यास ते आणखी येते.

श्रीरामपूर ते फिलाडेल्फिया

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर आनंदीबाई अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज करत कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरला पोहोचल्या. तिथे फेब्रुवारी १८८३ मध्ये त्यांनी जाहीर सभेत परदेशी जाण्यामागची भूमिका मांडली. हिंदू स्त्रिया पुरुष डॉक्टरांसमोर येत नाहीत, म्हणून या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हा त्यांचा मुद्दा होता. एप्रिलमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पतीला मागे ठेवून त्या अमेरिकेला निघाल्या.

न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना मुलीसारखे सांभाळले. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयात डीन रेचल बॉडली यांनी प्रवेश दिला. थंडी, परके अन्न, खालावणारी तब्येत हे सगळे सोसून ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

साध्या गाठी कोणत्या?

स्तनाच्या कर्करोग नसलेल्या आजारांवर लंडनचे शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांचा सचित्र ग्रंथ १८२९ मध्येच आला होता. म्हणजे आनंदीबाईंच्या जन्मापूर्वीच डॉक्टर या गाठींमध्ये फरक करू लागले होते. आज बहुतेक गाठी साध्याच निघतात. त्यातल्या नेहमीच्या अशा :

- फायब्रोअ‍ॅडेनोमा : बहुधा १५ ते ३५ वयात. रबरासारखी, न दुखणारी, बोटाखाली सरकणारी गाठ. लहान असेल तर अनेकदा नुसती देखरेख पुरते.
- पाळीपूर्वीचा ठणका : दोन्ही स्तन जड व गाठाळ लागतात, पाळी आली की उतरतात. नीट बसणारी ब्रा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक गोळी यांनी आराम पडतो.
- पाण्याची गाठ : साधारण ३५ ते ५० वयात. दुखत असेल तर सुईने पाणी काढता येते.

किशोरवयीन मुलांमध्येही स्तनाचा भाग सुजतो. तो बहुधा आपोआप ओसरतो.

क्षयाचा धागा

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री विभागाची जबाबदारी आनंदीबाईंना मिळाली होती. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मायदेशी परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत. कोल्हापूरला रुजू होणे झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्यांचे स्मारक झाले.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधला होता, पण त्यावरचे पहिले परिणामकारक औषध १९४० च्या दशकात आले. आज क्षय बरा होतो. तो क्वचित स्तनातही होतो. तिथे तो गाठीसारखा किंवा वारंवार भरणाऱ्या गळवासारखा दिसतो. तुकडा तपासल्यावर निदान होते आणि सरकारी केंद्रात सहा महिने किंवा अधिक काळ मोफत औषधे मिळतात. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी केंद्रात कळवावे, म्हणजे नव्या ठिकाणी औषधे सुरू राहतील.

शहापूर-मुरबाडमध्ये काय करावे?

गाठ साधी की धोक्याची, हे हाताच्या अंदाजाने घरी ठरत नाही. हाताने तपासणी, सोनोग्राफी (वय चाळिशीच्या पुढे असल्यास मॅमोग्राफीही) आणि गरज पडल्यास सुईची तपासणी, एवढ्यावर उत्तर मिळते. सुई टोचल्याने गाठ पसरते ही समजूत चुकीची आहे.

पुढील लक्षणे दिसली तर थांबू नये : घट्ट, न सरकणारी गाठ, कातडीवर खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा पोत, नव्याने आत ओढले गेलेले स्तनाग्र, एकाच बाजूने रक्तमिश्रित स्राव, काखेतली गाठ, औषध घेऊनही दोन आठवड्यांत न उतरलेली सूज.

सुरुवात आशाताईंपासून किंवा गावाजवळच्या आरोग्य केंद्रापासून करावी. तिशीपुढील स्त्रियांची स्तन तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. पुढे मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे आणि मोठ्या तपासणीसाठी तिथूनच चिठ्ठी घ्यावी. तपासताना स्त्री डॉक्टर हवी किंवा परिचारिका सोबत हवी, असे मोकळेपणाने सांगावे. तो रुग्णाचा हक्क आहे. गाठीवर डाग देणे, चुना किंवा पाल्याचा लेप लावणे टाळावे. त्याने जखम होते आणि निदान लांबते.

लावणी उरकू दे, भात झोडून होऊ दे, असे म्हणत महिने जातात. गाठ हाताला लागली की त्याच आठवड्यात दाखवावी. बहुतेक वेळा डॉक्टरांकडून परतताना मनावरचे ओझेच उतरलेले असते.