डॉ. मॅन आणि गावाचा ताळेबंद

नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ साली वाहू लागले आणि बारामती व इंदापूर या तालुक्यांतील कालव्याखालचा पट्टा पाहता पाहता बागाईत झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात ज्या मुलुखातील माणसांनी दुष्काळी कामांवर खडी फोडून दिवस काढले, त्याच मुलुखात उसाचे फड उभे राहिले, गुऱ्हाळे पेटली आणि बारामतीची गुळाची पेठ नावारूपाला आली. कऱ्हेकाठची जिराईत गावे मात्र पावसाची वाट पाहत राहिली. या भरभराटीच्या काळातच, १९१० साली, मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने नीरा खोऱ्यातील खारावलेल्या जमिनींवर एक पत्रिका प्रसिद्ध केली. तिचे लेखक होते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे. ज्या पाण्याने हा मुलूख तारला, तेच पाणी निचऱ्यावाचून साचले की त्याला मारू शकते, हे त्या पत्रिकेने दाखवून दिले.

डॉ. मॅन हे पेशाने रसायनशास्त्रज्ञ. जन्म १८७२ चा, इंग्लंडमधला. १९०० साली ते चहामळेवाल्यांच्या संघटनेचे शास्त्रज्ञ म्हणून कलकत्त्यास आले आणि १९०७ साली पुण्यास. परंतु त्यांचे नाव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे, ते गावे मोजणारा माणूस म्हणून. हिंदी खेडे म्हणजे स्वयंपूर्ण, समाधानी, आपसांत बांधलेले एक लहानसे प्रजासत्ताक, असे चित्र एकोणिसाव्या शतकातील इंग्रज प्रशासकांनी रंगविले होते आणि आपल्याकडील सुशिक्षितांनी ते आनंदाने उचलले होते. मॅन यांनी या चित्राशी वाद घातला नाही. त्यांनी घरोघर जाऊन जमाखर्च मांडला.

ही पद्धत त्यांनी प्रथम वापरली ती स्वतःच्या देशात. राउंट्री यांनी १९०१ साली यॉर्क शहरातील दारिद्र्याची पाहणी प्रसिद्ध केली होती. दारिद्र्य हा शहरातील गलिच्छ वस्त्यांचा रोग असून खेडे त्यापासून मुक्त आहे, असा तेव्हा तिकडे अनेकांचा समज होता. मॅन यांनी बेडफर्डशायरमधील रिजमाँट या शेतीप्रधान खेड्याला तोच मापदंड लावला. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत गावातील सुमारे एक तृतीयांश लोक दारिद्र्यात असल्याचे आढळले. त्याचे मुख्य कारण होते शेतमजुराची तुटपुंजी मजुरी. तिथे जातिभेद नव्हता, बालविवाह नव्हते, दैववादही नव्हता. खेड्यातील गरिबीचे खापर लोकांच्या चालीरीतींवर फोडणाऱ्यांना या आकड्यांनी परस्पर उत्तर दिले.

पुण्यास आल्यावर त्यांनी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर हे गाव निवडले. त्या अभ्यासाचे पुस्तक १९१७ साली निघाले. त्याच सुमारास, १९१५ साली, त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाला होता. पाटील-कुलकर्ण्यांपासून अलुते-बलुतेदारांपर्यंत सर्वांचे हक्क आणि कर्तव्ये आत्र्यांनी उलगडली. मॅन यांनी त्या गाड्यातील प्रत्येक घराच्या पदरात काय पडते, हे मोजले. पिंपळे सौदागरमधील सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये सुमारे ४० एकर होते. १८१८ मध्ये ते साडेसतरा एकर झाले आणि १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आले. म्हणजे पेशवाईतच सुरू झालेली ही घसरण इंग्रजी अमलात पुढे चालू राहिली. पेशवाईची आठवण काढून उसासे टाकणाऱ्यांना यातून दिलासा मिळत नाही, आणि इंग्रजी राज्याने सुबत्ता आणली असे मानणाऱ्यांनाही मिळत नाही. १५६ जमीनमालकांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरली होती. त्यांपैकी ४६३ तुकडे एकराहून लहान होते आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान.

तपासलेल्या १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे निव्वळ शेतीवर आपला खर्च भागवू शकत होती. आणखी २८ कुटुंबे बाहेरच्या मजुरीच्या जोरावर तगून होती. उरलेल्या ६७ कुटुंबांना स्वतःच्याच साध्या राहणीच्या मापानेही दोन्ही तोंडे मिळविता येत नव्हती. यावर कोणी म्हणेल, एक गाव म्हणजे महाराष्ट्र नव्हे. हा आक्षेप ओळखूनच की काय, मॅन यांनी कानिटकर यांच्यासह शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या अवर्षणग्रस्त गावाची पाहणी केली. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तोट्यातील कुटुंबांचे प्रमाण शेकडा ८५ च्या घरात निघाले. पुण्यातील अस्पृश्य वर्ग आणि दख्खनच्या खेड्यातील महार यांच्या स्थितीचाही त्यांनी वेगळा अभ्यास केला. गावाच्या सरासरीत ज्यांचे दुःख बुडून जाते, त्यांचा हिशेब स्वतंत्रच मांडावा लागतो.

पुढे मुंबई इलाख्याचे कृषिसंचालक होऊन ते १९२७ साली निवृत्त झाले आणि रिजमाँटच्या शेजारच्याच वोबर्न येथील शेतकी संशोधन केंद्रात त्यांनी दीर्घकाळ काम केले. १९६१ साली त्यांचे निधन झाले. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महापालिकेत विलीन झाले असून मॅन यांनी मोजलेल्या त्या तुकड्यांच्या गावात आता इमारतींची दाटी झाली आहे. तेथील शेतीचा प्रश्न सुटला नाही, शेतीच संपली. नीरेकाठचा प्रश्न मात्र कायम आहे.

काळ्या, खोल जमिनीत पाणी मुरते पण लवकर निचरत नाही. कालव्याची झिरप आणि उसाला दिलेले जादा पाणी यांमुळे भूजल वर चढते, त्यासोबत क्षार वर येतात आणि पाणी उडून गेले की जमिनीवर पांढरा थर उरतो. उपाय चर खणून निचरा करण्याचा. पण चर एकट्या शेतकऱ्याला काढता येत नाही. ओढ्यापर्यंत पोहोचण्यासाठी तो अनेकांच्या रानातून न्यावा लागतो. शिवाय पाणी जास्त देतो वरच्या अंगाचा शेतकरी आणि जमीन खारावते खालच्याची. नुकसान ज्याचे त्याला भोगावे लागत नाही, म्हणून ते थांबविण्याची निकडही त्याला वाटत नाही. तुकडेबंदी व तुकडेजोड यांचा कायदा १९४७ साली झाला, तरी पुढल्या पिढ्यांच्या वाटण्यांनी बांध वाढतच गेले. दर बांधाबरोबर चराला संमती देणारा, किंवा नाकारणारा, आणखी एक मालक वाढला.

याच मुलुखातील लोकांनी सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे केले. अर्थात एकत्र येण्याची कुवत येथे नाही, असे म्हणता येणार नाही. उसाच्या भावात प्रत्येक सभासदाचा लाभ दिसतो, म्हणून माणसे एकत्र येतात. निचऱ्याच्या चरात मात्र वरच्याला खर्च दिसतो आणि लाभ खालच्याला. गावकीची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते. जुन्या गावगाड्याचे गोडवे गाऊन किंवा जत्रेची वर्गणी गोळा करून ती पार पडत नाही. कोणाच्या रानात किती पाणी जाते आणि कोणाची किती जमीन त्यापायी पडीक होते, याचा घरवार हिशेब ज्या दिवशी नीरेकाठच्या ग्रामसभांपुढे येईल आणि चराचा खर्च त्या हिशेबाने वाटला जाईल, त्या दिवशी १९१० सालची ती पत्रिका सार्थकी लागली असे म्हणता येईल.