डार्विन यांच्या वेळेचा हिशेब

चार्ल्स डार्विन यांना काम मोजूनमापूनच करावे लागे. ‘बीगल’ जहाजावरची पाच वर्षांची सफर १८३६ मध्ये संपली आणि पुढे उलट्या, छातीतली धडधड व थकवा कायमचे पाठीशी लागले. लंडनजवळच्या डाउन गावातील घरी सकाळचे जेमतेम तीन तास मुख्य कामाचे. उरलेला दिवस पत्रे, फेरफटका आणि विश्रांतीचा.

एवढ्या तुटपुंज्या वेळातली आठ वर्षे, १८४६ ते १८५४, त्यांनी बार्नेकलवर घालवली. खडकांना आणि जहाजांच्या तळाला चिकटून राहणारे हे छोटे समुद्री जीव. त्यातली सुमारे दोन वर्षे आजारपणातच गेल्याची नोंद त्यांनी ठेवली. उत्क्रांतीवरचा १८४४ चा निबंध तोवर पडून राहिला.

वरवर हा व्यवहार तोट्याचाच. पण सूक्ष्मदर्शकाखाली नमुन्यामागून नमुना तपासताना एकाच जातीतल्या जीवांमध्येही किती फरक असतात, हे त्यांना प्रत्यक्ष दिसले. १८५३ मध्ये रॉयल सोसायटीचे पदक मिळाले आणि प्राणिशास्त्रात त्यांच्या शब्दाला वजन आले. १८५९ मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाले, तेव्हा हीच शिदोरी कामी आली.

तरीही या कामावर इतका वेळ घालवणे योग्य होते का, अशी शंका त्यांनी आत्मचरित्रात नोंदवली. कामाची रीत मात्र बदलली नाही. गांडुळांवर १८३७ मध्ये पहिला निबंध वाचणाऱ्या डार्विन यांनी त्यांच्यावरचे पुस्तक १८८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी पूर्ण केले.