मोरचूद-चुन्याचे शास्त्रज्ञ मिलार्डे



आपल्या भित्तीपत्रकात थोरांची ओळख हे सदर असते. त्यात आतापर्यंत सावित्रीबाई फुले झाल्या, जगदीशचंद्र बोस झाले, महर्षी कर्वे झाले. या खेपेला पाळी माझी होती. मी गुरुजींना विचारले की, द्राक्षाचे घड कुजतात त्यावर औषध शोधणारा कोणी थोर माणूस होऊन गेला आहे का? गुरुजी हसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक लांबलचक नाव लिहिले. पियेर मारी अलेक्सी मिलार्डे. इंग्रजीत या नावाच्या शेवटी ट येतो, पण फ्रेंच लोक तो बोलत नाहीत. का लिहितात मग, ते मला कळले नाही.

मी असे का विचारले ते आधी सांगतो. आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. गेल्या वर्षी गोड छाटणी वेळेवर झाली, काड्या जोमाने फुटल्या, दिवाळी होऊन बाग फुलोऱ्यात आली आणि नेमका चार दिवस पाऊस लागून राहिला. वावरात गुडघाभर चिखल. ट्रॅक्टर आत जाईना. पानांवर तेलाचा थेंब सांडल्यासारखे पिवळे डाग पडले, पान उलटून पाहिलं तर खाली पांढरी लव. केवडा आला होता. दादा, म्हणजे माझे वडील, दुकानातून महागाचं औषध घेऊन आले आणि पाठीवर पंप घेऊन चिखलातच फवारलं. पण तोवर घडावर पांढरं आलं होतं. तीन दिवसांत घड तपकिरी झाले, मणी कुजले, हात लावला की झडायचे. दादा बांधावर बसून राहिले. आईने दोनदा जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. ताईचं कॉलेजात नाव घालायचं होतं, ते त्या वर्षी राहून गेलं.

आता मिलार्डे यांची गोष्ट.

त्यांचा जन्म १३ डिसेंबर १८३८ रोजी फ्रान्समधल्या ज्युरा भागात, मोंमिरे-ला-विल नावाच्या लहानशा गावी झाला. वनस्पतिशास्त्र शिकायला ते जर्मनीत हायडेलबर्ग आणि फ्रायबुर्ग इथे गेले. फ्रायबुर्गला डी बारी नावाचे मोठे गुरू होते. त्या काळी पुष्कळ विद्वानांना वाटे की झाड आधी आपणहून आजारी पडते आणि मग त्यावर बुरशी उगवते. डी बारी यांनी बटाट्याच्या करप्यावर प्रयोग करून दाखवून दिले की तसे नाही. आधी बुरशी येते आणि तिच्यामुळे झाड आजारी पडते. ऐकायला साधी गोष्ट वाटते, पण रोगाचे कारणच उलटे धरले तर औषध सापडणार कसे? मिलार्डे ही नजर घेऊन परत आले.

ते स्ट्रासबर्गला शिकवू लागले. पण १८७० साली फ्रान्स आणि जर्मनीचे युद्ध पेटले आणि स्ट्रासबर्ग जर्मनीकडे गेले. मिलार्डे १८७२ साली नान्सीला प्राध्यापक झाले आणि १८७६ साली बोर्डोला आले. आपले शेतकरी बोर्डो बोर्डो म्हणतात, ते हेच शहर बरं का. मला वाटायचं ते एखाद्या कंपनीचं नाव असेल.

बोर्डोच्या आसपास मैलोन्‌मैल द्राक्षमळे आहेत. मिलार्डे तिथे आले तेव्हा ते मळे मोठ्या संकटात होते. अमेरिकेतून आलेला मावा-तुडतुड्यांच्या जातीचा एक बारीक किडा मुळे खाऊन वेलीच्या वेली वाळवत होता. त्याचे नाव फिलॉक्सेरा. अमेरिकेतल्या रानवेलींची मुळे मात्र त्याला दाद देत नसत. म्हणून खाली अमेरिकन वेल आणि वर फ्रेंच वेलीचे कलम करावे, असा मार्ग काही जणांनी काढला. मिलार्डे त्यांच्यातले एक. त्यांनी वेलींचे संकर करून खालच्या खुंटासाठी नव्या जाती तयार केल्या. आमच्या बागेतही खालचा खुंट डॉगरिज या अमेरिकन जातीचा आहे. आपल्याकडे तो खारट माती आणि कमी पाणी सोसतो म्हणून लावतात, कारण वेगळे, पण युक्ती तीच.

आता गंमत पाहा. या अमेरिकन वेली फ्रान्समध्ये आल्या आणि त्यांच्याबरोबर केवडाही आला. १८७८ साली तो तिथे पहिल्यांदा दिसला. एक दुखणं काढायला गेले आणि दुसरं घरात घेतलं. काही वर्षांत तो देशभर पसरला. पाने भर हंगामात गळून पडू लागली. पाने नाहीत तर घडात साखर कुठून भरणार? काही घड लहानपणीच कुजायचे, तर काहींचे मणी मोठे होऊन तपकिरी पडायचे आणि चामड्यासारखे सुकायचे.

१८८२ सालचा ऑक्टोबर संपत आला होता. मिलार्डे मेडोक भागात सां-ज्युलियां गावच्या मळ्यातून चालले होते. चहूकडच्या वेली कधीच उघड्या पडल्या होत्या. पण ज्या वाटेने ते चालले होते, त्या वाटेच्या कडेच्या वेलींवर मात्र पाने तशीच होती. ते थांबले, जवळ गेले. पानांवर निळसर पांढरे काहीतरी वाळलेले होते. दुसरा कोणी असता तर पुढे गेला असता. त्या वाटेने त्या महिन्यात कितीतरी लोक गेले असतील की.

मिलार्डे यांनी मळ्याचे कारभारी एर्नेस्त दाव्हिद यांना गाठून विचारले. कारभाऱ्यांनी सांगितले की, हे काही रोगावरचे औषध नाही. चोरांसाठी आहे. द्राक्षे पिकू लागली की वाटसरू कडेचे घड तोडून खातात, म्हणून मोरचूद आणि चुना कालवून कडेच्या ओळींवर शिंपडायची त्या भागात चाल आहे. पानांवर निळे डाग पाहिले की विष असेल म्हणून कोणी हात लावत नाही. (आपल्या वर्गातही काही जण शाळेच्या वाटेवरच्या ओळीतले मणी तोडतात. नावे लिहीत नाही.)

म्हणजे औषध वाटेवरच होते, फक्त ते औषध आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. मला या माणसाचे सगळ्यात जास्त आवडले ते हे की, एवढा मोठा प्राध्यापक, पण त्याने कारभाऱ्याला विचारले आणि ऐकूनही घेतले.

तरी मिलार्डे यांनी लगेच डांगोरा पिटला नाही. ते तीन वर्षे प्रयोग करत राहिले. पावसाचे किंवा दवाचे पाणी पानावर थांबले की केवड्याच्या बीजाणूतून शेपटीवाले बारीक कण निघतात. ते पाण्यात पोहतात, पानाच्या श्वासाच्या छिद्रापाशी जातात आणि तिथून आत शिरकाव करतात. प्रयोगशाळेत मिलार्डे हे बीजाणू पाण्यात रुजवून पाहत. पण आपल्या घरच्या विहिरीच्या पाण्यात ते रुजेचनात. शोध घेतला तेव्हा कळले की विहिरीवरचा पंप तांब्याचा होता आणि त्याचे किंचित तांबे पाण्यात उतरत होते. मोरचुदातही तांबेच असते. एवढ्याशा तांब्यानेही केवड्याचे बी मरते, हे त्यांना तिथे उमगले. हे वाचून मी आजीच्या तांब्याच्या हंड्याकडे दोन दिवस नुसता बघत होतो.

त्यांच्या जोडीला बोर्डोचेच युलीस गायों हे रसायनशास्त्रज्ञ होते. ते लुई पाश्चर यांचे शिष्य. नुसता मोरचूद फवारला तर पाने भाजतात, म्हणून त्यात चुना हवा. चुन्यामुळे औषध पानाला चिकटून राहते आणि पावसाने पटकन धुऊन जात नाही. दाव्हिद कारभाऱ्यांनी मळ्यात प्रयोग करू दिले. १८८५ साली केवडा जोरात आला आणि खरी परीक्षा झाली. औषध मारलेल्या ओळी हिरव्यागार, शेजारच्या ओळी उघड्या. त्याच वर्षी मिलार्डे यांनी कृती जाहीर केली. १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद, ३० लिटर पाण्यात १५ किलो कळीचा चुना, मग दोन्ही एकत्र. फवारणीचे पंप हाताशी नव्हते. मजूर एका हातात झारी धरायचे आणि दुसऱ्या हातातल्या लहान कुंच्याने पानांवर शिंपडायचे.

श्रेयावरून थोडे वादही झाले. बरगंडी भागातल्या लोकांनीही पाहिले होते की मोरचुदात बुडवलेल्या खांबांजवळ वेली निरोगी राहतात. पण मोरचूद-चुन्याचे मिश्रण पारखून, प्रमाण ठरवून शेतकऱ्यांपुढे ठेवले ते मिलार्डे यांनी. मग ते बटाट्याच्या करप्यालाही लागू पडले. आपल्या कोकणात सुपारीला पावसाळ्यात कोळे रोग लागून कोवळी फळे कुजून गळतात, त्यालाही बोर्डोच फवारतात. आता शास्त्रज्ञ सांगतात की केवडा आणि कोळे रोग यांचे जंतू खऱ्या बुरशीत धरत नाहीत, त्यांचे नाते समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी जवळचे आहे. आणि तांबे मातीत साठत जाते, म्हणून युरोपात ते किती वापरावे यावर बंधन घातले आहे, सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. तेव्हा औषध चांगले म्हणून ओतत सुटायचे नाही.

मिलार्डे यांचे १९०२ साली बोर्डो इथेच निधन झाले.

हे सगळे वाचताना मला आमची गेल्या वर्षीची चूक सापडली. तांबे पानाच्या वर पहारा करते. जंतू एकदा आत शिरला की त्याला ते काही करू शकत नाही. म्हणजे बोर्डो पावसाच्या आधी मारायचे असते, डाग दिसल्यावर नाही. औषध महाग की स्वस्त हा प्रश्नच नव्हता. मी हे दादांना सांगितले. आधी ते म्हणाले की मला काय शिकवतो. मग थोड्या वेळाने स्वतःच विचारू लागले की अजून काय लिहिलंय त्यात.

यंदा फुटी निघाल्यावर आभाळ भरून येताच आम्ही बोर्डो केले. आजकाल प्रमाण बरेच कमी असते, १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचूद प्लास्टिकच्या पिंपात रात्रीच भिजत घातला, कारण लोखंडी भांडे तो खातो. चुना दुसऱ्या पिंपात निवळून, फडक्याने गाळून घेतला. मी काठीने ढवळत होतो आणि दादा ओतत होते. रंग आभाळासारखा निळा झाला. मग त्यात विळ्याचे पाते बुडवून पाहिले, तर त्याच्यावर तांबूस थर चढला. म्हणजे चुना कमी पडला होता, असेच फवारले असते तर कोवळी पाने भाजली असती. दादांनी आणखी चुन्याची निवळी ओतली, मी पुन्हा ढवळले, आईने विळा घासून आणून दिला. दुसऱ्यांदा पाते बुडवले ते स्वच्छ वर आले. दादांनी पंप पाठीला लावला आणि शाळेच्या वाटेकडच्या ओळीपासून फवारायला सुरुवात केली.