रेंज गेली तर उत्तर कुठे? विचारा लॅम्बटनला

लातूरहून नांदेडला रात्री निघालात, मध्येच रेंज गेली, मोबाइलवरचा निळा ठिपका जागीच अडकला. आता उत्तर कुठली, सांगता येईल?

विल्यम लॅम्बटनला सांगता आलं असतं. सूर्यग्रहण पाहताना एक डोळा अधू झालेला हा माणूस 1799 साली टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रज फौजेत होता. एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी अंधारात चालली होती. लॅम्बटनने तारे पाहिले आणि ओळखलं, आपण उलट दिशेला, थेट टिपूच्या छावणीकडे निघालोय. होकायंत्र पाहिलं, तर तारेच खरे निघाले!

1802 मध्ये त्याने मद्रासजवळ 100 फुटी साखळीने सुमारे साडेसात मैलांची सरळ रेघ मोजली. त्याला 57 दिवस लागले. पुढचं काम शाळेतल्या भूमितीचं. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. कोन मोजायचं थिओडोलाइट यंत्र अर्ध्या टनाचं. 1808 मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना ते आपटलं. लॅम्बटनने तंबूत बसून सहा आठवडे खपून ते दुरुस्त केलं.

कंपनीला हे नकाशे राज्य चालवायला हवे होते, हेही खरंच. पण त्रिकोणांची साखळी 78 रेखांशाच्या आसपास उत्तरेला सरकत राहिली, बिदरवरून आपल्या भागाकडे. नकाशा उघडून बघा, हा रेखांश माहूर आणि किनवटच्या मधून जातो.

नागपूरकडे जाताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला लॅम्बटन वारला. वय सत्तरीच्या आसपास. त्याची कबर तिथेच आहे. काम पुढे नेलं त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्टने. त्याचं नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं, लॅम्बटनचं मागे राहिलं.

त्याची सवय मात्र आपण उचलू शकतो. सप्तर्षी दिसतील त्या रात्री गच्चीवर जा. चौकोनाच्या टोकाचे दोन तारे जोडून रेघ पुढे वाढवा, ध्रुव सापडेल. तीच उत्तर. हात लांब करून मूठ धरली की साधारण 10 अंश होतात. नांदेडमध्ये ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर दिसेल. का? कारण नांदेडचा अक्षांश आहे 19. लातूरकरांनो, तुमचा 18. मोजून बघा, रिचार्ज लागत नाही.