खंजिरीवर उमटलेले शब्द

चिमूर म्हटले की १९४२ आठवते आणि त्याबरोबरच हाती खंजिरी घेतलेले तुकडोजी महाराज आठवतात.

१९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव माणिक. शालेय शिक्षण फारसे झाले नाही. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. ‘तुकड्या’ हे नाव त्यांनीच दिले. पुढे माणिक रानावनात राहिले. आपल्या चिमूर तालुक्यातील गोंदेडा ही त्यांची तपोभूमी. रानात श्रोते नव्हते. तेथे त्यांनी मौन आणि ध्यान जवळ केले.

लोकांत आल्यावर ते कागद घेऊन बोलले नाहीत. समोर बसलेल्यांकडे पाहून, खंजिरीच्या ठेक्यावर भजन उभे राही. व्यसन, अस्वच्छता, शिवाशिव, जे दुखणे त्या गावाचे असेल त्यावरच ते बोट ठेवीत. म्हणून अक्षरओळख नसलेल्यांनाही त्यांची शिकवण कळे.

पण उत्स्फूर्त शब्दाचे ओझेही मोठे असते. त्यांच्या भजनांनी चिमूरकर पेटून उठले. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. पोलिसांच्या गोळीबारात कोवळ्या वयाचा बालाजी रायपूरकर हुतात्मा झाला. चिडलेल्या जमावाच्या हातून काही सरकारी अधिकारीही मारले गेले. मग गावात लष्कर शिरले आणि आयाबहिणींवर अनन्वित अत्याचार झाले. २८ ऑगस्टला महाराजांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर व रायपूरच्या तुरुंगात राहून ते डिसेंबरमध्ये सुटले.

खंजिरी थांबली नाही. पुढची वर्षे त्यांनी ग्रामसुधारणा व सामुदायिक प्रार्थनेला वाहिली. ‘ग्रामगीता’ लिहिली. १९५५ साली ते जपानमधील विश्वधर्म परिषदेला गेले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरी येथे त्यांनी देह ठेवला.

बंधुभगिनींनो, अधिकाऱ्यांपुढे उभे केले जाल तेव्हा काय बोलावे याची चिंता करू नका, असे प्रभू येशूने शिष्यांना सांगितले. पण ते शिष्य आधी प्रभूच्या सहवासात राहून ऐकायला शिकले होते. धर्मशिक्षणाच्या वर्गात, आजाऱ्याच्या उशाशी, भांडण मिटवताना आपल्यालाही आयत्या वेळी बोलावे लागते. त्याआधी आपण किती वेळ शांत बसतो? आणि आपल्या शब्दाची किंमत कोणाला मोजावी लागेल, याचा विचार करतो का?