बोलायला घाबरणारे गांधीजी

यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेत सहावीतला एक विद्यार्थी व्यासपीठावर आला, पहिल्याच शब्दाला अडकला, तोच शब्द तीनदा घेऊन पाहिला आणि मान खाली घालून उतरला. मागच्या रांगांतून हसू ऐकू आले. हसणारी सगळी मुलेच होती असे आम्हांला म्हणता येत नाही. त्या संध्याकाळी आम्ही संपादक मंडळी बोलत बसलो असताना एकाने गांधीजींचे नाव काढले आणि या अंकातले चरित्र ठरून गेले. दांडीयात्रा, चले जाव हे सर्व तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेच. आम्ही येथे फक्त त्यांच्या बोलण्याची हकीकत सांगणार आहोत. तिच्यात आपल्या बडोद्याशी नाते असलेला एक मराठी माणूसही भेटतो.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. शिक्षण राजकोटला. त्यांच्या हायस्कूलच्या इमारतीत २०१८ पासून संग्रहालय आहे. सहलीला गेलात तर जरूर पाहा. या शाळेतला मोहन घंटेच्या ठोक्याला वर्गात हजर होई आणि शाळा सुटताच अक्षरशः पळत घर गाठी. कारण एकच, वाटेत कोणाशी बोलावे लागू नये, कोणी थट्टा करू नये. १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला निघताना याच शाळेने त्यांचा निरोप समारंभ केला. आभाराचे चार शब्द त्यांनी कागदावर लिहून नेले होते. ते वाचतानाही ते अडखळले, डोके गरगरले, सारे अंग थरथरू लागले.

लंडनला गेल्यावर सभ्य गृहस्थ होण्याच्या नादात त्यांनी नाच शिकून पाहिला, व्हायोलिन आणले आणि वक्तृत्वाची शिकवणीही लावली. शिक्षकांनी बेल नावाच्या लेखकाचे एक नावाजलेले पुस्तक आणायला सांगितले. दोन-तीन धड्यांतच गांधीजींना वाटले की आपण येथे विद्यार्थी म्हणून आलो आहोत, आपल्याला जन्मभर इंग्लंडात थोडेच राहायचे आहे! त्यांनी शिक्षकांना पत्र लिहून शिकवणी बंद केली. पालकांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा असे आम्हांला वाटते. पुढे कोट्यवधी लोकांनी ज्यांचे बोलणे ऐकले, त्यांची भाषणकलेची शिकवणी एवढीच.

त्याच शहरात ते शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर निवडून आले. सभांना नियमाने जात, पण तोंड उघडत नसत. डॉक्टर ओल्डफील्ड हे स्नेही त्यांना चिडवत, की माझ्याशी एवढे नीट बोलतोस आणि सभेत मुका का होतोस? एकदा डॉक्टर ॲलिन्सन या सभासदाला त्याच्या मतांमुळे मंडळातून काढून टाकण्याचा ठराव आला. गांधीजींना त्याची मते पटत नव्हती, पण त्यासाठी माणसाला बाहेर काढणे अन्याय आहे असे त्यांचे ठाम मत होते. या वेळी गप्प बसणे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी आपले म्हणणे लिहून नेले. वाचण्याचा धीर मात्र झाला नाही, तेव्हा अध्यक्षांनी ते दुसऱ्याकडून वाचवून घेतले. ठराव मंजूर झाला, गांधीजींची बाजू हरली. तरी त्यांचे मत सभेत मांडले गेले होते. तोंडातून शब्द फुटत नाही म्हणून मत गिळून टाकायचे नाही, हे त्यांनी विशी-एकविशीतच ठरवलेले दिसते.

व्हेंटनर या समुद्रकाठच्या गावी तर पानभर मजकूर हाती असून डोळ्यांपुढे अंधारी आली. बरोबरच्या मजमुदारांनी तो वाचला. स्वतः मजमुदारांच्या भाषणाला टाळ्या मिळाल्या आणि गांधीजी मनातून शरमले. १८९१ मध्ये मायदेशी निघताना त्यांनी मित्रांना मेजवानी दिली. भाषणाची सुरुवात गमतीदार करायची म्हणून एक विनोद मोठ्या तयारीने पाठ केला होता. पहिले वाक्य झाले आणि पुढचे सगळे विसरले. आभार मानून खाली बसले.

बॅरिस्टर होऊन मुंबईला आले, तरी दशा तीच. स्मॉल कॉज कोर्टातला पहिला खटला ममीबाई नावाच्या बाईंचा होता, फी ३० रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि काय विचारावे ते सुचेना. खटला पटेल वकिलांकडे द्या, माझी फी परत घ्या, असे सांगून ते बाहेर पडले. पटेलांनी ५१ रुपये घेतले. खटल्याचा निकाल काय लागला हे विचारायलाही गांधीजी थांबले नाहीत.

मग हा माणूस बोलता कधी झाला? १८९३ साली, दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला. पीटरमॅरित्झबर्गच्या स्टेशनवर गाडीतून ढकलून दिले गेल्याचा अपमान ताजा होता. प्रिटोरियात हिंदी लोकांना काय सोसावे लागते हे पाहून त्यांनी सर्वांना एका व्यापाऱ्याच्या घरी जमवले. विषय घेतला व्यापारातला खरेपणा. धंद्यात खरे बोलून चालत नाही असे व्यापारी मंडळी नेहमी म्हणत आणि गांधीजींना ते मुळीच मान्य नव्हते. आयुष्यातले पहिले जाहीर भाषण त्यांनी हेच मानले आहे. ते ठीक झाले. ऐकणारे थोडे होते, आपले होते आणि त्यांना या माणसाची गरज होती. विषय मनात घोळलेला होता. आम्हांला वाटते की इंग्लंडात यातले काहीच नव्हते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढे अशा बैठका नियमाने होऊ लागल्या. प्रिटोरियातला प्रत्येक हिंदी माणूस त्यांच्या ओळखीचा झाला. एक न्हावी, एक कारकून आणि एक दुकानदार अशा तिघांना ते त्यांच्या सोयीने घरी किंवा दुकानी जाऊन इंग्रजी शिकवत. १८९४ साली डर्बनला नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. तिच्याबरोबर तेथेच जन्मलेल्या तरुण हिंदी मंडळींसाठी एक शिक्षण मंडळही निघाले. वर्गणी नाममात्र होती, छोटेसे ग्रंथालय होते, आणि ठरलेल्या दिवशी जमून कोणी निबंध वाचावा, कोणी बोलावे, बाकीच्यांनी वाद घालावा असा क्रम होता. स्वतः मुका राहिलेल्या माणसाने इतरांसाठी अशी जागा करून दिली, ही गोष्ट आम्हांला फार आवडते.

विद्यार्थी मित्रांनो, येथून पुढे सगळे सुरळीत झाले असे समजू नका. २६ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईला फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या सभागृहात तुडुंब गर्दी जमली होती. दक्षिण आफ्रिकेची कैफियत मांडायला गांधीजी उभे राहिले. सर फिरोजशहा मेहता यांच्या सांगण्यावरून भाषण लिहून छापूनच आणले होते. तरी हात कापू लागले, आवाज उतरत गेला, फिरोजशहा मोठ्याने, मोठ्याने म्हणत राहिले. तेव्हा मदतीला उठले जुने स्नेही केशवराव देशपांडे. त्यांचा आवाज अशा कामाला अगदी योग्य होता. पण लोकांनी वाच्छांच्या नावाचा गजर केला आणि देशपांड्यांनाही वाचू दिले नाही. म्हणजे चांगल्या आवाजाच्या माणसालाही कधी खाली बसावे लागते! शेवटी दिनशा वाच्छांनी भाषण वाचले, सभा शांत झाली आणि टाळ्या पडल्या. गांधीजींना त्याचा आनंदच झाला. व्हेंटनरला जे झाले तेच येथे झाले होते, पण शरमेचा उल्लेख या वेळी नाही. आफ्रिकेतल्या लोकांचे म्हणणे मुंबईपर्यंत पोचले होते.

हे केशवराव देशपांडे म्हणजे बॅरिस्टर, श्री अरविंदांचे केंब्रिजपासूनचे मित्र, पुढे बडोदे संस्थानच्या नोकरीत आलेले. गंगनाथ भारतीय सर्व विद्यालय ही राष्ट्रीय शाळा त्यांचीच. तेथे शिक्षकांना घरच्या नात्यांनी हाक मारण्याची रीत होती. त्यातूनच दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर काका झाले आणि विठ्ठल लक्ष्मण फडके मामा झाले. पुढे हे दोघेही गांधीजींकडे गेले. आपल्या गावच्या मराठी माणसांचा हा धागा फारसा सांगितला जात नाही, म्हणून येथे नोंदवला.

उतारवयातही अनोळखी श्रोत्यांपुढे गांधीजींना संकोच वाटे आणि टाळता आले तर ते भाषण टाळत. आत्मकथेत त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आहे. त्यांच्या बोलण्यात हातवारे नव्हते, आवाजाची चढउतार नव्हती. या संकोचाने आपल्याला मोजके बोलायला शिकवले, असेही ते मानत. सोमवारी ते मौन पाळत. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर आधी हिंदुस्थानीत आणि मग इंग्रजीत बोलणारे गांधीजी हेच.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गांधीजींचा त्रास मुख्यतः भित्रेपणाचा होता. तोतरेपणा ही निराळी अडचण आहे. भीती नसतानाही मूल शब्दावर अडकू शकते आणि त्यात त्याच्या हुशारीचा किंवा हट्टाचा काही संबंध नसतो. अशा मुलाला वाणी-उपचार तज्ज्ञांकडे न्यावे. घरी त्याचे वाक्य आपण पुरे करू नये, पुन्हा नीट म्हण असे दरडावू नये, बोलणे संपेपर्यंत त्याच्याकडे पाहत ऐकावे.

पुढच्या सत्रापासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर दहा-बारा मुलांची बैठक भरवावी असा आमचा विचार आहे. बक्षीस नाही, परीक्षक नाहीत, विषय ज्याचा त्याने निवडायचा. लिहून आणले तरी चालेल आणि ऐन वेळी मित्राने वाचले तरी चालेल. विश्वस्तांकडे त्यासाठी एक वर्ग मागितला आहे. नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. सहावीतल्या त्या विद्यार्थ्याने आपले नाव दिले असून तो उत्तरायणाच्या मांज्याविषयी बोलणार आहे.